गन कुठे लावली होती?

मंडळी, आजचा विषय वाचून दोन-चार जण तरी दचकतील. बेसबॉल! आणि त्यातही चेंडूचा वेग मोजायची ती रडार गन. धाकट्या बहिणीचा फोन येणार हे नक्की, "ताई, तुला कधी काय सुचेल त्याचा नेम नाही." येऊ दे. मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. खेळाशी माझा संबंध वार्षिक क्रीडास्पर्धांत लांब उडीची टेप धरण्याइतका आणि स्टॉपवॉच दाबण्याइतका. पण न्यू जर्सीला मुलाकडे दोन उन्हाळे काढले, नातवाच्या मैदानावर घडीच्या खुर्चीत बसून बसून जे पाहिलं, त्यावरून माझं एक मत झालंय आणि ते आता बदलेल असं वाटत नाही. लहान मुलाला त्याच्या चेंडूचा वेग सांगायचाच असेल, तर गन कुठे लावली होती, ती तपासली होती का आणि आकडा चेंडूच्या वाटेवरच्या कुठल्या जागेचा आहे, हे त्या आकड्याबरोबर सांगितलंच पाहिजे. ते सांगता येत नसेल तर गन पिशवीतच राहू द्यावी.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पिचर म्हणजे इथला गोलंदाज. तो धावत येत नाही, मातीच्या लहानशा उंचवट्यावर उभं राहून फेकतो, आणि हात कोपरात वाकवून फेकतो (आपल्याकडे पंच ज्याला नो बॉल देतील तसा). चेंडूचा टप्पा पडत नाही, तो सरळ होम प्लेटवरून जातो. प्लेटच्या मागे कॅचर उकिडवा बसलेला असतो. मोठ्यांच्या खेळात पिचर ते प्लेट हे अंतर ६० फूट ६ इंच, ते १८९३ पासून बदललेलं नाही. लिट्ल लीगच्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ४६ फूट.

गेल्या उन्हाळ्यात नातू बारा वर्षांचा होता आणि त्याच्या संघात पिचर कोणाला करायचं ते ठरत होतं. एका मुलाचे वडील गन घेऊन आले होते. भला माणूस, स्वतःच्या पैशांनी आणलेली गन. ते पालकांच्या बाकांवर बसले, म्हणजे प्लेटच्या एका अंगाला, आणि तिथूनच प्रत्येक चेंडूचा आकडा मोठ्याने सांगायला लागले. प्रशिक्षक आकडे कागदावर उतरवत होते. नातवाचा आला ४९. म्हणजे ताशी ४९ मैल, आपल्या हिशेबात ७९ किलोमीटर. त्याच्या मित्राचा ५५ आला.

पुढचे काही दिवस घरात ४९ सोडून दुसरा विषय नव्हता. पोरगं शाळेतून आलं की मागच्या अंगणात जाळी टांगून उजेड असेपर्यंत चेंडू मारत राहायचं, आणि प्रत्येक चेंडू जीव खाऊन. पाचव्या दिवशी जेवताना त्याने चमचा डाव्या हातात धरला तेव्हा सुनेचं लक्ष गेलं. कोपराच्या आतल्या बाजूला हात लावू देईना. डॉक्टरांनी महिनाभर चेंडू हातात घ्यायचा नाही म्हणून सांगितलं.

मला त्या आकड्याचा राग आला. आणि राग आला की मी मुळाशी जाते, ही सवय माझ्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. मुलाला म्हटलं, "हे यंत्र चालतं कसं ते मला समजेल असं सांग." तो इंजिनिअर, पण आईला शिकवायची वेळ पहिलीच. त्याने बरं सांगितलं.

रेल्वेचं इंजिन शिट्टी देत फलाटाकडे येतं तेव्हा शिट्टी चढी वाजते आणि पुढे निघून गेलं की उतरते. १८४२ साली ख्रिश्चन डॉप्लर नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने यामागचा नियम मांडला. गन तेच करते, फक्त आवाजाऐवजी रेडिओ लहरी वापरते. बऱ्याच गनमधून सेकंदाला सुमारे २४ अब्ज कंपनांच्या लहरी निघतात. त्या जवळ येणाऱ्या चेंडूवर आपटून परततात तेव्हा कंपनं किंचित वाढलेली असतात. चेंडू ताशी ६० मैलांनी येत असेल तर ही वाढ सेकंदाला साधारण ४,३०० कंपनांची. २४ अब्जांत ४,३००! गन तेवढा फरक मोजते आणि त्याचे मैल करून दाखवते. इथवर यंत्राचं कौतुकच करायला हवं.

मेख पुढे आहे. गनला चेंडूचा पूर्ण वेग कळतच नाही. चेंडू तिच्याकडे किती वेगाने येतोय एवढंच कळतं. रस्त्याच्या कडेला उभं राहून एसटीची वाट पाहिली आहे ना? लांबून येणारी गाडी आपल्या रोखाने येत असते. पण ती न थांबता अगदी समोरून जाते, त्या क्षणी ती आपल्याकडे येतही नसते आणि दूर जातही नसते, नुसती आडवी जात असते. तेव्हा गन रोखली तर तिला काही दिसणार नाही, गाडी ऐंशीने जात असली तरी. बाजूला बसून चेंडू मोजणाऱ्याचं थोड्या प्रमाणात हेच होतं. चेंडूची वाट आणि गनचा रोख यांच्यात १० अंशांचा कोन असेल तर ६० चे ५९ दिसतात. २० अंश असेल तर ५६ च्या जरा वर. ३० अंश झाला की सरळ ५२. हा त्रिकोणमितीतला कोसाइन. मुलाने हिशेब करून दिला होता, तरी पुण्याला परतल्यावर जुनं लॉग टेबल काढून मी पडताळून पाहिला.

लांब उडीची टेप तिरकी धरली तर अंतर जास्त भरतं, आणि मग त्या मुलाच्या घरचे खूश असतात. गन तिरकी धरली तर नेहमी कमीच भरतं. म्हणून तक्रार करायला कोणी पुढे येत नाही. कमी मार्क पडलेला मुलगा पेपर बघायला मागत नाही, त्याला वाटतं आपलाच अभ्यास कमी पडला.

आता आमच्या बाकांचा हिशेब बघा. तो मी टेपने मोजून घेतला (सून म्हणाली, "आई, लोक बघताहेत." बघू देत). ते गृहस्थ बसले होते ती जागा प्लेटच्या १५ फूट मागे आणि २० फूट बाजूला. चेंडू हातातून सुटतो तेव्हा प्लेटपासून चाळीसेक फुटांवर असतो. म्हणजे मागचं-पुढचं अंतर ५५ आणि बाजूचं २०, कोन झाला २० अंश. तिथून ४९ दिसला असेल तर खरा वेग ५२ होता. चेंडू प्लेटजवळ येतो तसा कोन वाढत जातो. म्हणजे गनने चेंडू जरा उशिरा पकडला असेल तर चूक आणखी मोठी. आणि ते गृहस्थ मधे एकदा कॉफी आणायला उठले होते. परत आले ते दुसऱ्या बाकावर बसले. मित्राचा ५५ कुठल्या बाकावरून आला, हे आता कोणीच सांगू शकणार नाही.

मग गन लावायची कशी? मुलाने हात बरा झाल्यावर ते नीट केलं, आणि त्यात अवघड असं काही नाही, फक्त पाच-दहा मिनिटं द्यावी लागतात. पिचरचा उंचवटा आणि प्लेट यांना जोडणारी रेघ मनात धरायची, ती कॅचरच्या मागच्या जाळीपर्यंत वाढवायची आणि गन त्या रेघेवर, जाळीच्या मागे लावायची. जाळीच्या मागे, कारण निसटलेला चेंडू कोणाचा मान ठेवत नाही. हातात धरण्यापेक्षा तिपाईवर लावलेली बरी, म्हणजे दर चेंडूला रोख बदलत नाही. उंची साधारण पिचरच्या हातातून चेंडू सुटतो तेवढी, रोख त्याच्या हाताकडे. उंच बाकांवरून खाली रोखली तरी कोन पडतोच, तो उभा असतो म्हणून डोळ्यांना जाणवत नाही. आणि रेघेवर जागा मिळतच नसेल, तर जवळ जायच्या ऐवजी मागे जा. तेच २० फूट बाजूला, पण प्लेटच्या ६० फूट मागे उभे राहिलात तर कोन ११ अंशांवर येतो आणि ६० चे ५९ च्या आसपास दिसतात. सगळे मात्र जवळ जायला धडपडतात, जवळून नीट दिसेल म्हणून. गनला डोळे नाहीत, हे विसरतात.

बाकीच्या भानगडीही असतात. पिचरच्या मागे रस्ता असेल तर गन एखादी मोटार मोजून मोकळी होते, कारण चेंडूपेक्षा मोटार मोठी. थंडीत सराव बंद हॉलमध्ये चालतो, तिथे छताचे मोठे पंखे फिरत असतात, त्यांच्या पात्यांचाही वेग दिसतो. फलंदाजाने बॅट फिरवली की कधी कधी बॅटचाच आकडा येतो. म्हणून पिचर मोजायचा तर फलंदाज उभा करू नये. बॅटरी उतरलेली नसावी. आणि एक चेंडू टाकायला लावून आकडा लिहू नये. दहा टाकू द्यावेत, दहाही लिहावेत. इथे सगळे त्यातला मोठ्यात मोठा सांगतात. आपल्या एसएससी बोर्डाने २०१० मध्ये पाच विषयांचे उत्तम गुण धरायचं ठरवलं तेव्हा केवढा वाद झाला होता, कोर्टापर्यंत गेला. ते निदान पाच विषयांचे तरी होते. दहातला एक धरायचा प्रकार आपल्या बोर्डालाही सुचला नाही.

मला सगळ्यात आवडला तो नादकाटा. चांगल्या गनबरोबर पेटीत एक नादकाटा येतो, आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत असायचा तसाच, आणि त्याच्यावर वेगाचा आकडा कोरलेला असतो. लाकडावर किंवा प्लॅस्टिकवर टोला द्यायचा (दगडावर किंवा लोखंडावर नाही, काटा बिघडतो) आणि थरथरता काटा गनच्या तोंडासमोर धरायचा. काट्याचा पाय पुढे-मागे हलतो आणि गनला वाटतं चेंडूच येतोय. काट्यावर लिहिलेला आकडा पडद्यावर आला की यंत्र ठीक आहे. नातवाला हे करून बघायला इतकं आवडलं की अर्धा तास आम्ही काटाच वाजवत होतो. पण यावरून यंत्राची मोजणी बरोबर आहे एवढंच ठरतं. तुम्ही बसलात कुठे, ते काट्याला माहीत नसतं.

तिसरी गोष्ट जागेची, गनच्या नाही, चेंडूच्या. हवेच्या विरोधामुळे चेंडू हातापासून प्लेटपर्यंत पोचेतो आपला वेग आठ-दहा टक्के गमावतो. मग कुठला वेग खरा? दोन्ही खरे. पण एकाचा हातातला आणि दुसऱ्याचा प्लेटजवळचा घेऊन तुलना केली तर ती तुलना नव्हे. बेसबॉलचा इतिहास या घोटाळ्याने भरलेला आहे. १९१२ साली वॉल्टर जॉन्सन या त्या काळच्या गाजलेल्या पिचरला ब्रिजपोर्टच्या रेमिंग्टन बंदूक कारखान्यात नेऊन गोळीचा वेग मोजायच्या उपकरणातून चेंडू टाकायला लावला. आला सेकंदाला १२२ फूट, म्हणजे ताशी ८३ मैल. आज ८३ ऐकून शाळकरी पिचर हसतात. पण ते मोजमाप चेंडू बराच पुढे गेल्यावरचं होतं. २० ऑगस्ट १९७४ ला नोलन रायनचा चेंडू १००.९ नोंदला गेला, तोही प्लेटजवळ. 'फास्टबॉल' या माहितीपटात शास्त्रज्ञांनी तो हातातून सुटतानाच्या जागेला नेऊन मोजला तर १०८ च्या वर गेला. जुन्या काळी खेळाडू हेरणारे लोक दोन गनना चक्क "वेगवान गन" आणि "संथ गन" म्हणायचे, कारण एक चेंडू लवकर पकडायची, दुसरी उशिरा, आणि एकाच चेंडूत चार-चार मैलांचा फरक दाखवायच्या. निदान त्यांना ते माहीत होतं आणि ते बोलून दाखवायचे.

अगदी अलीकडचं सांगते. २४ सप्टेंबर २०१० ला अरोल्डिस चॅपमनने टाकलेला चेंडू १०५.१ मैलांचा ठरला. पुढे तोच चेंडू १०५.८ चा झाला. त्याने परत टाकला नव्हता! आधीची पद्धत प्लेटपासून ५० फुटांवरचा वेग सांगायची, २०१७ पासून हातातून सुटतानाचा वेग धरायला लागले, त्याप्रमाणे जुना आकडा सुधारून घेतला. हे मला फार योग्य वाटलं. आकडा बदलला तर का बदलला ते सांगून बदलला. क्रिकेटवाल्यांना सांगायचं तर शोएब अख्तरचे २००३ च्या विश्वचषकातले १६१.३ किलोमीटर हे हातातून सुटतानाचे आहेत. टप्पा पडून फलंदाजाकडे पोचेतो तोच चेंडू बराच मंदावलेला असतो.

आता मूळ मुद्दा. मोठ्यांच्या बाबतीत हे वाद गमतीचे आहेत, त्यांना पगार मिळतो. बारा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत नाहीत.

एक योगायोग मला वाचताना सापडला. १९७४ साली मिशिगन स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक डॅनी लिटव्हायलर यांनी विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात पोलिसांच्या रडारचा फोटो पाहिला. त्यांनी विद्यापीठातल्या पोलिसांची गाडी मैदानावर बोलावून पिचरांचा वेग मोजून पाहिला, आणि त्यातून बेसबॉलची रडार गन जन्माला आली. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला लॉस एंजेलिसमध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या डाव्या कोपरातला फाटलेला स्नायुबंध काढून तिथे त्याच्याच उजव्या हातातली कंडरा बसवली. अशी शस्त्रक्रिया पहिलीच. आज ती त्या खेळाडूच्याच नावाने ओळखली जाते आणि शाळकरी मुलांवरही होते. गनमुळे कोपरं फाटली असं मी म्हणत नाही, इतिहास शिकवलेली बाई असं एका कारणाने बोलणार नाही. पण अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलनेच डिसेंबर २०२४ मध्ये पिचरांच्या दुखापतींवर मोठा अहवाल काढला, आणि वेगाच्या मागे लागणं हे त्यातलं एक ठळक कारण आहे. ती ओढ लहान मुलांपर्यंत उतरल्याचंही त्यात आहे. २०१४ पासून मुलांसाठी नियमावली आहे, अकरा-बारा वर्षांच्या मुलाने दिवसाला ८५ पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत. चांगली आहे. पण ती सामन्यातले चेंडू मोजते. अंगणातले कोण मोजणार?

मुलाचं म्हणणं वेगळं आहे आणि ते मी इथे लिहिलं नाही तर त्याच्यावर अन्याय होईल. तो म्हणतो, "आई, आकड्याने हुरूप येतो. तू पण प्रगतिपुस्तक द्यायचीसच की." हो, द्यायचे. पण त्यावर प्रत्येक गुणापुढे 'पैकी' किती ते लिहिलेलं असायचं, आणि पेपर कोणी कसा तपासला हे विचारलं तर मला उत्तर देता यायचं. गनला माझा विरोध नाही. उलट नीट लावलेली गन किरकोळ अंगाच्या मुलाच्या कामाची आहे. प्रशिक्षक अंगापिंडाकडे बघून ज्याला मागे बसवतात, तो खरं तर जोरात टाकतो हे तीच दाखवेल. आणि आणखी एक उपयोग आहे, तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. त्याच जागेवरून, त्याच तिपाईवरून प्रत्येक चेंडू मोजत राहा. पहिल्या डावात ५२-५३ टाकणारा मुलगा चौथ्या डावात ४८ वर आला, तर तो दमलाय. त्याला विचारू नका, तो नाही म्हणेल. बारा वर्षांचा मुलगा कधीही "दमलो" म्हणत नाही. आकडा उतरला की चेंडू दुसऱ्याच्या हातात द्या. पण याला दर वेळी गन त्याच जागी लागते, कॉफी आणायला उठून दुसऱ्या बाकावर बसून चालत नाही.

मुलाने हे सगळं प्रशिक्षकांना सांगितलं. मी त्याच्याकडून दोन ओळी कागदावर लिहूनही घेतल्या होत्या, मोजमापाच्या यादीत वरच्या बाजूला गनची जागा लिहावी म्हणून. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि "ग्रेट आयडिया" म्हणाले. तिथे कोणी काही म्हटलं की ग्रेट आयडियाच म्हणतात, त्यामुळे काही कळत नाही. नातू सध्या दुसऱ्या बेसवर खेळतो. हात ठीक आहे. पिचर व्हायचं डोक्यातून गेलेलं नाही, फोनवर परवाच सांगत होता.

इकडे पुण्यात भाच्याचा मुलगा क्रिकेटच्या ॲकॅडमीत जातो. गेल्या रविवारी घरी आला तेव्हा मोठ्या ऐटीत म्हणाला, "आजी, आमच्या सरांनी पण गन आणलीय. माझा १०४ आला." मी विचारलं, सर गन घेऊन उभे कुठे राहतात? म्हणाला, "मिडऑफला. तिथे झाड आहे ना, सावली असते."

सरांचा फोन नंबर मागून घेतलाय.